उजेड तोंडावर घ्या

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या कर्जासाठी बँकेची मीटिंग मोबाईलवर झाली. मी दाराकडे पाठ करून बसले. साहेबांना नुसती काळी सावली दिसली, बोलणं अर्धवट पोचलं आणि प्रकरण महिनाभर लांबलं. पेरणी काही कुणासाठी थांबत नाही!

आता आम्ही दाराकडे तोंड करून बसतो. मोबाईल डब्यांवर, डोळ्यांच्या उंचीला टेकवतो. बोलताना पडद्यावरच्या स्वतःकडे नाही, कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघतो. आपली पाळी नसताना माईक बंद. बचतीची वही हाताशी.

साडी नवी नसली तरी चालेल, बायांनो. पण आपला चेहरा दिसला पाहिजे आणि आपला आकडा नीट ऐकू गेला पाहिजे.