मैदान झालेले पॅरिस

पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिंपिक पाहायला आलेल्या पाहुण्याला शहर पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नव्हता. खेळाची बरीच मैदाने शहरातल्या नामांकित वास्तूंच्या अंगणातच मांडलेली होती. २६ जुलैच्या संध्याकाळी भर पावसात खेळाडूंच्या बोटी सीन नदीतून निघाल्या आणि ऑस्टर्लिट्झ पुलापासून आयफेल टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोपर्यंत सुमारे सहा किलोमीटर गेल्या. उन्हाळी ऑलिंपिकचे उद्घाटन स्टेडियमबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ होती. याच नदीच्या काठाने प्रवाहाबरोबर चालत गेले, की खेळ आणि शहर दोन्ही दिसत होते.

वाटेत प्रथम लागते नगरपालिकेची भव्य इमारत. मॅरेथॉनची सुरुवात येथून झाली. हा मार्ग व्हर्सायला जाऊन परत येणारा होता. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये भाकरीसाठी पॅरिसच्या बायका तिथल्या राजवाड्यावर चालून गेल्या होत्या, त्या मोर्च्याची ती आठवण होती.

पुढे लूव्र संग्रहालय आणि त्याला लागून तुइलरी बाग. ऑलिंपिकची ज्योत या बागेत एका प्रचंड फुग्याखाली ठेवली होती. तिच्यात इंधन जळत नव्हते. पाण्याचे तुषार आणि विजेचा प्रकाश यांतून ज्वाळेचा भास निर्माण केला होता. अंधार पडला की फुगा आकाशात चढे आणि तो पाहायला लोक रस्त्यारस्त्यांवर थांबत.

बागेच्या टोकाला काँकॉर्ड चौक आहे. राजा सोळाव्या लुईचा १७९३ मध्ये येथेच शिरच्छेद झाला. चौकाच्या मध्यभागी इजिप्तमधल्या लक्सरहून आणलेला, तीन हजार वर्षांहून जुना दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्या परिसरात स्केटबोर्डिंग आणि ऑलिंपिकमध्ये प्रथमच आलेले, नृत्यासारखे ब्रेकिंग हे खेळ रंगले.

तेथून जवळच ग्राँ पॅले. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या या वास्तूच्या काचेच्या छताखाली तलवारबाजीचे सामने झाले. नदीपलीकडे अँव्हालीद दिसते. चौदाव्या लुईने जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी ते उभारले. सोनेरी घुमटाखाली नेपोलियनची समाधी आहे. अँव्हालीदसमोरच्या हिरवळीवर तिरंदाजी झाली. भारताच्या संघात साताऱ्याचा प्रवीण जाधव येथेच खेळला. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी बीच व्हॉलीबॉल होते. प्रत्येक पदकात याच टॉवरच्या मूळ लोखंडाचा १८ ग्रॅमचा तुकडा बसवला होता.

सारेच खेळ मात्र शहराच्या मध्यभागी नव्हते. भारतीय हॉकी संघाने कांस्यपदक मिळवले ते उपनगरातल्या कोलोंबच्या स्टेडियममध्ये. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे ते मुख्य स्टेडियम. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने नेमबाजीत कांस्य जिंकले ते पॅरिसपासून दूर दक्षिणेला, शातोरू येथे.

शहरातच खेळ भरवण्याच्या या सोयीची किंमतही होती. उद्घाटनाआधी आठवडाभर नदीकाठच्या कुंपणाआड परवान्याशिवाय प्रवेश नव्हता. काही मेट्रो स्थानके बंद होती. एका फेरीचे तिकीट २.१५ युरोंवरून ४ युरोंवर गेले. २०१९ च्या आगीनंतर नोत्र-दामचे काम अजून चालू असल्याने ते चर्च बाहेरूनच पाहावे लागले.

तरीही तिकीट नसलेल्याला बरेच काही फुकट पाहता आले. सायकल शर्यत माँमार्त्रच्या टेकडीवरून गेली, तेव्हा अरुंद चढावाच्या दोन्ही बाजूंना दाटी झाली होती. तो प्रतिसाद पाहून पुढच्या वर्षी तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यातही ती टेकडी घेतली गेली.

सीनमध्ये पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने नदीच्या शुद्धीकरणावर सुमारे १.४ अब्ज युरो खर्च झाले. पावसानंतर पाणी बिघडल्याने पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली, पण तिचा पोहण्याचा टप्पा झाला त्याच नदीत. जुलै २०२५ पासून पॅरिसचे नागरिक आणि पाहुणे ठरवून दिलेल्या तीन जागी तिच्यात उतरू लागले. त्यांतली एक जागा आयफेल टॉवरपासून जवळच आहे.