लेकीला आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचाय

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक एलएलबी झाली. आता तिला आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करायचंय. बैठकीत बायका म्हणाल्या, "परदेशातलं शिकून इथं काय उपयोग?"

मी त्यांना राजस्थानच्या भंवरीदेवींबद्दल सांगितलं. बालविवाह रोखणाऱ्या या साथीणीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. भारतानं १९९३ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये नियम घालून दिले. २०१३ मध्ये कायदा झाला. आज १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती लागते, ती त्यामुळेच.

असे करार वाचून न्यायालयात मांडणारं कुणीतरी हवं ना?

बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएलएम एका वर्षाचं असतं. त्यासाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ताईंनी लग्नासाठी साठवलेले पैसे फीसाठी काढायचं ठरवलंय. तुमची लेक असं काही म्हणाली, तर नाही म्हणण्याआधी तिचं ऐकून घ्या.