घराबरोबर वाटही



आंधळगावाहून भंडाऱ्याच्या एखाद्या वसाहतीत राखणदारीस जाणारा माणूस मजुरीचा एक हिस्सा रोज कंडक्टरच्या हाती ठेवतो. एस.टी.च्या मासिक पासाचा हिशेब सोपा आहे : 20 दिवसांचे भाडे भरावे, 30 दिवस प्रवास करावा. महिन्यास 26 दिवस कामावर जाणाऱ्याचे 6 दिवसांचे भाडे वाचते. परंतु 20 दिवसांचे भाडे एकरकमी आणावे कोठून? म्हणजे ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यालाच प्रवास महाग!

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, राखणदाराचा पास गृहनिर्माण संस्थेने काढून द्यावा. झाडलोट करणाऱ्या बाईंना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट पडते. त्यांचे 26 दिवस 13 दिवसांच्या भाड्यात होतात. त्यांना पास नको, तिकिटाचे पैसेच द्यावेत. आंधळगावी खोली घेऊन भंडाऱ्यास नोकरी करणाऱ्या भाडेकरूस मालकाने पासाची रक्कम आगाऊ द्यावी व हप्त्यांनी परत घ्यावी. खोली रिकामी राहण्यापेक्षा हे स्वस्तच.

दार उघडणारा माणूस वेळेवर दाराशी यावा असे वाटत असेल, तर त्याच्या वाटेचा खर्च आम्ही घराच्याच खर्चात धरला पाहिजे.