घर कोणते?



जोतिबाचा डोंगर उतरला की यात्रेकरू कोल्हापुरास आपल्या घरी येतो. देवस्थान एकीकडे आणि घर दुसरीकडे, याचे त्यास दुःख नसते. कोकणातील बेने इस्राएल समाजास मात्र ही दोन्ही स्थाने एकत्र लाभतील अशी आशा वाटली.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ अलिबागच्या परिसरात शतकानुशतके नांदले. बोली मराठी, प्रार्थना हिब्रू. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. परंतु भेदभावाची तक्रार करून बीरशेबा येथील काही जणांनी १९५१ साली धरणे धरिले, व १९५२ साली ते मुंबईस परतले. नवल असे, की त्यांतील अनेकांनी पुढे पुन्हा इस्राएलची वाट धरिली!

त्यांस चंचल म्हणणे सोपे आहे. परंतु विवाहप्रसंगी वंशाची चौकशी करावी, असा आदेश १९६२ साली तेथील धर्मपीठाने काढिला, तेव्हा या समाजाने माघार घेतली नाही. १९६४ साली जेरुसलेमेत निदर्शने करून त्याने बरोबरीचा मान मिळविला. आणि एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ पोहे, गूळ व खोबरे यांचा मलिदा करण्याची कोकणची रीतही सोडिली नाही.

तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ते ताट अवश्य पाहावे. त्यास ते परक्याचे वाटणार नाही.