भयगंड आणि त्याचे निवारण



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय व्यासपीठावर सहसा कोणी काढीत नाही; घरोघरी मात्र तो आढळतो. कोणी पाल दिसली की त्या खोलीत पाऊल टाकीत नाही, कोणी लिफ्टमध्ये शिरण्याऐवजी सात मजले चढून जातो, तर कोणी सुईच्या नुसत्या दर्शनाने मूर्च्छित पडतो. यास 'भित्रेपणा' असे नाव देऊन आपण मोकळे होतो. आमच्या मते हे नाव चुकीचे तर आहेच, शिवाय ते घातकही आहे. कारण ज्याला हसले जाते तो मनुष्य आपली पीडा लपवू लागतो.

भय हे मूलतः मनुष्याचे वैरी नव्हे. फणा काढलेल्या नागापासून दूर पळतो म्हणूनच माणूस वाचतो. आपल्या वेदान्त्यांनी दोरीवर भासणाऱ्या सर्पाचा दृष्टान्त दिला आहे. दिवा आणताच तो भ्रम नाहीसा होतो. भयगंडाची गोष्ट याहून बिकट. येथे दिवा लावलेलाच असतो, दोरी ही दोरीच आहे हे त्या व्यक्तीस पक्के ठाऊक असते, आणि तरीही छाती धडधडते व हातपाय गार पडतात. अशा माणसापुढे युक्तिवाद करणे बहुधा व्यर्थ होय.

मग हे भय टिकते कशाने? टाळण्याने. भयाची वस्तू टाळली की तत्काळ सुटकेचे सुख मिळते, आणि त्या सुखापोटी मन पुढच्या खेपेस अधिक लवकर पळ काढते. भीती आपोआप ओसरते हे अनुभवण्याची संधीच त्यास मिळत नाही. त्यात घरची माणसे मायेने हातभार लावतात. आमच्या पाहण्यातील एका हुशार मुलीस मोठ्या पुलावरून जाण्याचे भय होते. घरच्यांनी प्रथम तिला सोबत दिली, पुढे दूरचा रस्ता काढून दिला, अखेर महाविद्यालयच सोडविले. आणि स्थळे पाहताना ही गोष्ट झाकून ठेविली. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु मुलीचे शिक्षण त्या मायेनेच थांबविले.

यावर उपाय आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वीच सापडला आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाचे विलक्षण भय होते. सशास न भिणाऱ्या मुलांत त्याला खेळावयास ठेवले, तेव्हा तो पुष्कळ सुधारला. मध्येच तो आजारी पडून रुग्णालयात गेला, आणि तेथून निघताना एका मोठ्या कुत्र्याने अंगावर झेप घेतली. भय पुन्हा जागे झाले. जोन्सबाईंनी धीर सोडला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातील ससा दुरून आणावयाचा, रोज थोडा जवळ, इतकेच. शेवटी तो सशास कुरवाळू लागला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी आपल्या ग्रंथात या क्रमाक्रमाने सामोरे जाण्याच्या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. भीती मोडावी म्हणून मुलास विहिरीत ढकलून देण्याची जी मर्दुमकी आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते, ती याच्या अगदी उलट आहे. पायऱ्या लहान असाव्यात, त्या भिणाऱ्याच्या संमतीने ठराव्यात, आणि प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबावे. भय दैनंदिन व्यवहारास अडवू लागले असेल, तर हे काम मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. गंडेदोरे बांधण्यात वर्षे दवडू नयेत.

रक्ताच्या भयाविषयी निराळे सांगितले पाहिजे, कारण रक्तदान शिबिरांत त्यावरून तरुणांची थट्टा होते. इतर भयांत रक्तदाब चढतो. या भयात तो प्रथम किंचित चढून मग एकाएकी उतरतो, मेंदूस रक्त कमी पडते व घेरी येते. म्हणून येथे 'अंग सैल सोडा' हा सल्ला उपयोगाचा नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओस्ट यांनी प्रचारात आणलेली रीत अशी : हात, पाय व धड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद ताणून धरावेत, चेहऱ्यावर ऊब जाणवली की ताण सोडावा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा ताणावेत, असे चार-पाच वेळा करावे. सुई टोचावयाचा हात तेवढा सैल ठेवावा. शिबिराच्या स्वयंसेवकांनी ही रीत शिकून घ्यावी, आणि ज्यास घेरी येते त्याने ते आधी सांगितल्यास त्याला निमूटपणे आडवे निजवावे.