मुठीचे मडके



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर थोरामोठ्यांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, तिचे नाव मतदारयादीखेरीज कोठेही छापले गेले नाही; सातबाऱ्यावरदेखील नव्हते. ती मोहोपाड्याची आमची आजी. शाळेची पायरी ती चढली नव्हती, आणि आमचीही शाळा लवकरच सुटली. पुढे पुस्तके आम्ही मिळतील तशी वाचली. पण संघटनेचा पहिला धडा कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही.

आजीचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. पीठ पडत असे आणि त्याबरोबर ओव्या पडत असत. विठोबाला ती ज्या सुरात हाक मारी, त्याच सुरात सासरी गेलेल्या लेकीलाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांचे हे काम आम्हाला कळले तेव्हा हळहळ वाटली. आमच्या घरातल्या ओव्या कोणी टिपून घेतल्या नव्हत्या, आणि आम्हीही टिपल्या नव्हत्या.

कार्तिकी एकादशीला आजी साजगावच्या यात्रेला पायी जाई. चौक, खालापूर करीत खोपोलीची वाट धरायची. पंढरपूर लांब आणि पैसा तुटपुंजा, म्हणून आमच्या मुलखाने या साजगावलाच धाकटी पंढरी मानले आहे. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे लोक देवालाही प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात. आजी स्वतः माळकरी. पण परत येताना तिच्या फडक्यात नातवंडांसाठी सुके बोंबील हमखास असत. तिची भक्ती आणि तिचा संसार यांचे कधी भांडण झालेले आम्ही पाहिले नाही.

घरात उतरंडीशेजारी एक वेगळे मडके असे. रोज भात शिजवण्यापूर्वी घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून ती त्यात टाकी. ही मूठ देवाची. वर्षाअखेरीस ते तांदूळ गावच्या हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला जात. घरात तांदूळ कमी असले तर मूठ लहान होई, पण चुकत नसे.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि चाके फिरवून सुटलेले पाणी आमच्या पाताळगंगेत आले. पाणी आमच्याकडे राहिले, माणसे मात्र विजेमागोमाग मुंबईला गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वेळी आम्ही बारा वर्षांचे होतो. काही महिन्यांनी वडील वळकटी घेऊन घरी आले. आळीतली आणखी तीन घरे अशीच बसली होती.

त्या पावसाळ्यात आजीने देवाचे मडके उघडले. तांदूळ मापून चारही घरांना सारखे वाटले. कोणीतरी म्हणाले, "अगं, ते देवाचे आहेत." आजी म्हणाली, "देव काय उपाशी पोरांच्या तोंडातला घास मागतो का?" आणि दुसऱ्या दिवशी तिने चारही घरांत एकेक रिकामे मडके ठेवायला लावले. ज्याच्याकडे जेव्हा असेल तेव्हा त्याने मूठ टाकायची. पुढे आम्ही युनियनचे काम करू लागलो आणि संपनिधीची पावतीपुस्तके छापली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती मडकीच होती.

आता जे सांगायचे ते आमच्या कौतुकाचे नाही. १९९७ साली आमच्या भागातल्या एका कारखान्यात आम्ही करार केला. कायम कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली. गुलाल उडाला, हार पडले. कंत्राटावरचे कामगार, त्यांत बरेचसे कातकरी वाड्यांवरचे, त्यांचे कलम शेवटच्या रात्री आम्ही सोडून दिले होते. ते धरून बसलो असतो तर करारच मोडला असता, असे आम्ही स्वतःला समजावले. घरी येऊन आजीच्या पाया पडलो. ऐंशीच्या घरातली आजी, पण कान शाबूत होते. तिने विचारले, "पोरा, पंगतीत काही पानं सोडून वाढलंस म्हणतात, खरं का?"

आम्हाला राग आला. देवधर्म ही भ्रामक समजूत आहे, असे त्या काळी आमचे ठाम मत होते, आणि जीभही तिखट होती. आम्ही म्हणालो, "तुझ्या सप्ताहात तरी कातकऱ्यांना कुठे बसवता? देवळाच्या मागे, वेगळेच ना?" आजी काहीच बोलली नाही. त्या रात्री ती जेवली नाही. आम्हीही जेवलो नाही.

पुढल्या सप्ताहात आजी भाताची परात एका सुनेकडे देऊन देवळामागच्या पंगतीत वाढायला गेली आणि वाढून झाल्यावर तिथेच पान मांडून बसली. गावात कुजबुज झाली. पंगत काही त्या वर्षी एक झाली नाही. पण तिने आपल्या वाटची चूक मान्य केली होती, आणि आम्ही मात्र अजून आमचा करार सर्वांना समजावीत फिरत होतो.

त्यानंतर आम्ही कंत्राटी कामगारांची सभासदनोंदणी सुरू केली. कंत्राटी कामगारांसाठीचा कायदा १९७० सालीच झाला होता. आम्हाला तो वाचायला सत्तावीस वर्षे आणि आजीचा एक प्रश्न लागला. पुढच्या करारात त्यांचे कलम पहिले घातले. काहीजण कायम झाले. सगळे झाले नाहीत, आणि ज्यांची आधीच कपात झाली होती ते परत आलेच नाहीत. हे ओझे आमच्याकडे आहे.

आजी २००३ साली गेली. आम्ही आजही देवळात हात जोडीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण श्रद्धा म्हणजे आंधळेपणा, हे वाक्यही आम्ही आता सभेत उच्चारीत नाही. जी श्रद्धा माणसाला स्वतःच्या पंगतीकडे पाहायला लावते, तिच्याशी कामगार चळवळीचे वैर असण्याचे कारण नाही. आपल्या घरोघरी अशा म्हाताऱ्या होऊन गेल्या, काही अजून आहेत. त्यांच्यापाशी बसा, त्यांच्या ओव्या लिहून घ्या. आणि त्यांनी काही विचारले तर रागावण्यापूर्वी उत्तर शोधा.

आजीचे मडके आमच्या युनियनच्या कचेरीत ठेवले आहे. त्यात आता तांदूळ नसतात, वर्गणीची नाणी असतात. प्रत्येक करारावर सही करण्यापूर्वी आम्ही त्याच्याकडे एकदा पाहतो आणि पाने मोजून घेतो.