आडव्या-उभ्या शब्दांचा उलगडा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



फळ्यावर दर शुक्रवारी मी जे कूट शब्दकोडे लिहिते, त्याबद्दल पुष्कळजणी कुरकुर करतात, तेव्हा एकदा उभे राहून त्याचा उलगडा करा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. कुरकुर माझ्याही कानावर आलेली आहे. "ओळ वाचावी तर अर्थ एक निघतो आणि उत्तर येते भलतेच," असे तुमचे म्हणणे. ते अगदी खरे आहे. ओळीचा वरवरचा अर्थ हा तुम्हाला चकवण्यासाठीच ठेवलेला असतो. त्याच्या मागे धावायचे नाही, एवढे जमले की निम्मे काम झाले.

साधे शब्दकोडे आपल्याला सर्वांनाच ठाऊक आहे. 'गणपतीचे वाहन, तीन अक्षरी' असे विचारले, तर मूषकही बसतो आणि उंदीरही बसतो. मग शेजारच्या घरात कोणते अक्षर येते ते पाहून ठरवायचे. कूट कोड्याचे तसे नसते. त्यात एका ओळीत उत्तर दोनदा सांगितलेले असते. एकदा सरळ अर्थाने, आणि एकदा शब्दांची मोडतोड करून. सरळ अर्थ ओळीच्या आरंभी तरी असतो, नाही तर शेवटी. उरलेल्या शब्दांत उत्तर कसे घडवायचे त्याची कृती असते, आपण लाडवाची कृती लिहून देतो तशी. कंसातला आकडा अक्षरांचा.

आता हे पाहा. 'नदी उलटली की गरीब (२).' नदी कशी उलटेल, असा विचार करीत बसू नका. नदी हा शब्दच उलटा वाचा. 'न' आणि 'दी' यांचे झाले 'दीन', आणि दीन म्हणजे गरीब. कृतीने जे आले तेच अर्थानेही आले. असे झाले म्हणजे उत्तर बरोबर, कोणाला विचारायला नको. 'वारा फिरला, पोपट आला (२)' हेही तसेच, उत्तर 'रावा'. मागच्या महिन्यात ज्यावर इतका हशा झाला ते 'नवरा उलटला की आवाज (२)' मात्र जरा अवघड होते, कारण त्यात पायऱ्या दोन. आधी नवऱ्याला दुसरा शब्द शोधायचा, 'वर'. मग तो उलटा करायचा, 'रव'. रव म्हणजे आवाज. एका भगिनीने उत्तर 'भांडण' असे दिले होते. अनुभवाला धरून असले तरी अक्षरे तीन होतात, म्हणून नाइलाज झाला.

दुसरी तऱ्हा जोडकामाची. 'पहिल्या सुराला मोत्याची लड, लेक निघाली तिकडे (३).' पहिला सूर 'सा', मोत्याची लड म्हणजे 'सर'. झाले 'सासर'. हे सुचले तेव्हा मला वाटले, सासराला जोड माहेराची हवीच. मग केले, 'लक्ष्मीपाशी गुप्त बातमीदार, लेकीला ओढ तिथलीच (३).' इथे काहीजणी अडल्या. बातमीदार म्हणजे 'हेर' हे कळले, पण लक्ष्मी म्हणजे 'मा' हे कळेना. 'आईपाशी' असे लिहिले असते तर चटकन सुटले असते. परंतु आपण मराठीत आईला मा म्हणत नाही, आणि कोड्यात खोटे लिहायचे नाही हा नियम आहे. चकवायचे खुशाल, फसवायचे नाही. लक्ष्मीला मा म्हणतात, म्हणून तर तिचा धव, म्हणजे पती, तो माधव. हे नाव आपण रोज देवापुढे घेतो. त्यात काय दडले आहे ते मात्र कोड्याच्या निमित्ताने पाहिले.

तिसरी तऱ्हा लपवाछपवीची. उत्तर ओळीतच समोर लिहिलेले असते. 'पाव साखरेत मावते ते व्रत (२).' ही अक्षरे सलग म्हणा: पा, व, सा, ख. मधली दोन उचला. 'वसा'. श्रावणातल्या कहाण्या वाचणाऱ्या आपण, आणि वसा डोळ्यांसमोर असून दिसेना! तसेच 'काकवीत सापडला ओळी जुळवणारा (२)', म्हणजे 'कवी'.

आणि एक तऱ्हा अशी आहे की जी इंग्रजीत नाही. 'पुरणाला काना दिला, व्यासांनी सांगितले (३).' पुरणाच्या 'र'ला काना द्या. 'पुराण'. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर बसते. आपल्याकडे घरात बसते ते पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असले तरी एकाच घरात. त्यामुळे आडव्या शब्दात 'क' असेल आणि उभ्यात 'का' हवा असेल, तर जमत नाही. मराठी कोडे रचणे म्हणूनच कठीण, आणि म्हणूनच पुष्कळदा चौकट बिघडते. मी फळ्यावर एकेक ओळच लिहिते त्याचे कारण हेही आहे. पण या काना-मात्रांनीच गंमत वाढते. शेपूट कापण्याची जी तऱ्हा आहे, 'नवरात्राचा शेवट गेला, उरला पती (३)', तिची फोड आता तुम्हीच केली असेल.

ही विद्या साहेबाची, आपण कशाला तिच्या नादी लागा, असे एकीचे म्हणणे पडले. चौकटीचे कोडे साहेबाचे, हे कबूल. लिव्हरपूलकडचा आर्थर विन नावाचा गृहस्थ अमेरिकेत गेला आणि २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात त्याने पहिले कोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. पुढे विलायतेत १९२६ पासून पॉवीस मॅदर्स यांनी 'ऑब्झर्व्हर' पत्रात निव्वळ कूट कोडी द्यायला आरंभ केला. त्यांनी टोपणनाव घेतले टॉर्कमाडा, हे स्पेनमध्ये धर्माच्या नावाने लोकांचा छळ करणाऱ्या न्यायाधीशाचे नाव. यावरून त्यांचा वाचकांविषयीचा हेतू ध्यानात यावा. पण शब्दाला गाठ मारायची आणि ऐकणाऱ्याने ती सोडवायची, हे आपल्याला काही नवे नाही. व्यासांनी गणपतीला अडवण्यासाठी महाभारतात ८८०० कूट श्लोक घातले, ही कथा कीर्तनात आपण ऐकतोच. चौसष्ट कलांत प्रहेलिका म्हणून जी कला सांगितली आहे, तीही हीच.

हा रिकामपणाचा उद्योग असेही कोणी समजू नये. १९४२ साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्राने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची परीक्षा घेतली, आणि त्यात उतरलेल्यांपैकी काहींना पुढे युद्धखात्याने बोलावून घेतले. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम ब्लेचली पार्क येथे गुप्तपणे चालत असे, त्यासाठी हे बोलावणे होते. तेथे काम करणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक होती. आमच्या मुलीने हे वाचून दाखवले, तेव्हा मी दुसऱ्यांदा वाचायला लावले.

आता मुख्य मुद्द्यावर येते. यंदा काही भगिनींनी सूचना केली आहे की, शब्दकोड्याला वीस रुपये प्रवेशमूल्य ठेवावे, पैठणीचे बक्षीस लावावे आणि कोडे सोपे, सर्वांना भरता येईल असे द्यावे. त्यांचा हेतू चांगला आहे, मंडळाला चार पैसे मिळतील. तरीही मी या सूचनेच्या विरुद्ध आहे.

आमच्या घरी शब्दकोडे हा शब्द वर्षानुवर्षे निघत नसे. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळी बक्षिसांच्या कोड्यांचे मोठे खूळ होते. हजारो रुपयांची बक्षिसे, आणि प्रत्येक प्रवेशपत्राला पैसे. वाक्ये कशी असत ते सासूबाईंकडून ऐकले आहे, नमुना मी माझा देते. 'नवऱ्याने नवी ○डी आणली तर बायको खूष होते.' साडी की गाडी? दोन्ही बरोबर. अशी दहा वाक्ये असली तर दोहोंतले एकेक निवडून १०२४ प्रकारांनी कोडे भरता येते, आणि चालकांनी पाकिटात बंद करून ठेवलेले त्यातले एकच बरोबर. त्याला बुद्धी काय करणार? बुद्धिमान माणूस जास्त प्रवेशपत्रे भरतो, इतकेच. आजेसासऱ्यांनी ती भरली. आजेसासूबाईंच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांनी पुढे जन्मभर हातात नुसत्या काचेच्या बांगड्या घातल्या, आणि घरात वर्तमानपत्र आले की ते पान आधी काढून चुलीत घालीत.

हे घरोघर चालले होते म्हणूनच १९५५ साली सरकारला कायदा करावा लागला. महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षिसे देण्यास बंदी झाली, आणि त्या आतल्या स्पर्धांनाही परवाना लागू लागला, प्रवेशपत्रे दोन हजारांहून अधिक घ्यायची नाहीत असे ठरले. स्पर्धांचे चालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ साली निकाल लागला की, जिथे यश मुख्यतः बुद्धीवर अवलंबून नाही ती स्पर्धा जुगारच होय, आणि जुगार हा काही संरक्षण मागण्याजोगा व्यापार नव्हे. पुढे २०२५ साली मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने बंदी घातली. रूप बदलले, पाटल्या त्याच.

मी फळ्यावर लिहू लागले तेव्हा सासूबाईंना ते रुचले नव्हते. मी त्यांना 'सासर'चे कोडे घातले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "सा आणि सर, होय ना ग?" होय म्हणून मी सांगायच्या आधीच त्यांना ते ठाऊक होते, हे त्यांच्या आवाजावरून कळले. पाकीट उघडावे लागले नाही. साडी-गाडीत हे सुख नाही. म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, कोडे कूटच राहू द्यावे, प्रवेशमूल्य घेऊ नये, आणि बक्षीस द्यायचेच तर सोडवणारीचे नाव फळ्यावर लिहावे. पैठणीसाठी आपण पापड करू, गेल्या वर्षी केले तसे.

पुढच्या शुक्रवारसाठी तीन ओळी देते. 'उलटे काम केले, शेतात पिकले (२).' 'ढवळले कमल, हाती लेखणी (३).' आणि तिसरी, 'खाली नव्हे, तो नवरा (२).' हिचे उत्तर आज मी एकदा बोलून गेले आहे. मागे बसून गप्पा मारणाऱ्यांनी ते पुढच्या भगिनींना विचारावे.